जबडा गेला म्हणून आवाजही जावा काय?

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील फूटपाथवर गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग दिवस काढत असतात. त्यांतला तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण ओळखायला डॉक्टर लागत नाही. गालाला पट्टी, नाकात नळी आणि हनुवटीखाली धरलेला रुमाल. खालच्या जबड्याचा पुढचा भाग काढला की ओठाला आधार राहत नाही आणि लाळ आवरता येत नाही, म्हणून तो रुमाल. पेशवाईत अस्पृश्याच्या थुंकीने वाट विटाळू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडके अडकवले जाई, याची आठवण बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये करून दिली. ते मडके माणसाने माणसावर लादले होते, हा रुमाल रोगाने दिला आहे. पण तो जन्मभर हातात राहणार की सुटणार, हे रोग ठरवत नाही, व्यवस्था ठरवते. म्हणूनच दंतरोपणासारखा निव्वळ डॉक्टरांचा वाटणारा विषय आम्ही आज चळवळीपुढे ठेवत आहोत.

दंतरोपण, म्हणजे ज्याला सर्रास इम्प्लांट म्हणतात, ते म्हटले की चकचकीत दवाखान्याची जाहिरात आणि पांढरेशुभ्र हसू डोळ्यांपुढे येते. पैसेवाल्यांची हौस, असा आपला समज. परंतु या शास्त्राचा जन्म हौसेतून झालेला नाही. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची छोटी कुपी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर कुपी निघेना, कारण हाड तिला घट्ट जुळून आले होते. त्यातून दंतरोपणाची कल्पना पुढे आली. 1965 साली त्यांनी ज्या पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवले, तो गोस्टा लार्सन कोणी नट नव्हता. त्याच्या जबड्यात आणि हनुवटीत जन्मजात व्यंग होते. 2006 साली त्याचे निधन झाले तेव्हाही, चाळीस वर्षांनंतर, ते खुंट काम देत होते. ज्याला जबडाच अपुरा मिळाला त्याच्यासाठी हा उपचार आधी वापरला गेला. हसू विकण्याचा बाजार नंतर उभा राहिला.

दात गेला की त्याखालचे हाड झिजू लागते. टायटॅनियमचा खुंट हाडात बसवला की साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला पकडते आणि त्यावर पक्के दात बसवता येतात. जबड्याचा तुकडाच काढावा लागला असेल, तर पोटरीतले नडगीशेजारचे पातळ हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी बसवतात आणि त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जबड्याचा आकार परत येतो, पण दात येत नाहीत. साधी कवळी तेथे टिकत नाही, कारण तिला धरून ठेवणारी हिरडीची कड आणि गालाची खाच उरलेली नसते. अशा वेळी खुंट हाच खरा आधार ठरतो. वरचा जबडा गेला असेल, तर गालाच्या हाडात लांब खुंट बसवण्याची सोय आहे. हे सर्वांना जमतेच असे नाही. किरणोपचार घेतलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तेथे फार जपून पाऊल टाकावे लागते आणि कधी नकारही द्यावा लागतो. पण ज्यांना शक्य आहे, त्यांनाही तो मिळत नाही. आमची तक्रार येथे आहे.

हा रोग कोणाला होतो? केंद्र सरकारच्या 2016-17 च्या तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ दर चौथा प्रौढ माणूस धूर न काढता तंबाखू खातो किंवा लावतो. पहाटे मिश्री लावणारी माय, विदर्भातला खर्रा चघळणारा मजूर, गटाराच्या घाणीत उतरण्यापूर्वी गालात तंबाखू धरणारा सफाई कामगार, भूक मारून उसाच्या फडात कोयता चालवणारी जोडपी. यांना व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे. या जातींच्या वाट्याला घाण आणि उपास कोणी दिले, हे विचारणे अवघड आहे. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली. तरीही पुडी कोणत्या टपरीवर मिळते, हे गावातले शाळकरी पोरही सांगेल.

शासन काहीच करत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया मोफत होते आणि त्यामुळे हजारो घरे कर्जातून वाचली आहेत. पण या योजनेचा साचा रुग्णालयात भरती होऊन घेण्याच्या उपचारांसाठी बनवलेला आहे. दंतरोपण खुर्चीवर बसून, महिनोन्महिने खेपा घालून होणारे काम. ते या साच्यात नीट बसत नाही. परिणामी गाठ काढणे हा उपचार ठरतो, चावता येणे ही चैन ठरते. जीव वाचला, आता पेज पी आणि गप्प बस, असाच त्याचा अर्थ नव्हे काय? खासगी दवाखान्यात एकेका खुंटाला हजारो रुपये पडतात आणि एका जबड्याला असे चार-सहा खुंट लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्याने ते कोठून आणावेत?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत इम्प्लांट सरसकट मिळत नाही. पण कर्करोगात जबडा गमावलेल्या आणि जन्मतः दात नसलेल्या रुग्णांना तेथे प्राधान्य आहे. आम्हीही सर्वांना फुकट दात मागत नाही, एवढाच विवेक मागतो. संविधानाचे 47 वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते, तर 41 वे कलम आजारपणात आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची तरतूद करायला सांगते. पैसा नाही ही सबब जीविताच्या हक्काआड येऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात 1996 सालीच बजावले आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जबडा काढण्यापासून चावता-बोलता येईपर्यंतचा सारा खर्च एकच उपचार म्हणून फुले योजनेत धरावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांना त्यासाठी साहित्य आणि माणसे द्यावीत. 2017 साली केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींना लगाम घातला, तोच न्याय दंतरोपणाच्या खुंटाला लावावा.

आणि आता आपल्याविषयी. आपण बुद्धविहारात पाचवे शील घेतो आणि पायऱ्या उतरताच पुडी फोडतो. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत पिचकाऱ्या मारणारी पोरे आपलीच असतात. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड, ही लक्षणे वेळीच दाखवली तर पुष्कळदा जबडा वाचतो. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमणाऱ्या लाखोंची तोंडे तपासायला आपल्यातल्या दंतवैद्यांनी उभे राहावे. बाबासाहेबांच्या पुण्याईने ते शिकले, त्यांच्याकडे समाजाचे हे मागणे रास्त आहे.

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी. आज ज्यांना बोलता येत नाही, असे आपलेच बांधव फूटपाथवर बसले आहेत. आपल्या आमदाराला या आठवड्यात एक पत्र लिहा आणि विचारा: जबडा योजनेत बसतो, तर दात का बसत नाहीत?