पुढाऱ्याची मूर्ती

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या हिशेबाविषयी कोणी विचारले की आमचे सेक्रेटरी म्हणत, "माझ्यावर विश्वास नाही का?" मग सारे गप्प. मीही त्यांतलाच.

अलीकडेच दीट्रिख बोनहॉफर या जर्मन ख्रिस्ती पाळकाविषयी वाचले. हिटलर चॅन्सेलर झाला आणि दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, २६ वर्षांच्या बोनहॉफरने बर्लिन रेडिओवरून बजावले की, जो पुढारी स्वतःची मूर्ती होऊ देतो तो लोकांची दिशाभूल करतो. भाषण संपण्याआधीच प्रक्षेपण तुटले. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिले.

हिटलर कोठे आणि आमचे सेक्रेटरी कोठे! पण खूण एकच: प्रश्न विचारला की अपमान वाटतो. ज्या येशूला मी गुरू मानतो त्याने तर शिष्यांचे पाय धुतले.

मात्र मूर्ती घडवतात ते भक्तच. म्हणजे दोष आमचाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाची पाठीमागे निंदा केली नाही. तोंडावर त्याचे पाप दाखवले, आणि राजाने ते कबूल केले. बंडाळी नको, खुशामतही नको.

यंदा हिशेब मागायला मी स्वतः जाणार आहे. तुम्ही याल?