फळं फक्त आजाऱ्यालाच का? जयंतीच्या मांडवातल्या ताज्या फ्रूट सॅलडविषयी

एप्रिल-मे हा आपल्या वस्त्यांमधला कार्यक्रमांचा हंगाम. 11 एप्रिलला महात्मा फुले जयंती, 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमा, 27 मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन, आणि मधल्या दिवसांत लग्नं, साखरपुडे, नामकरण. मांडव पडला की जेवण आलं आणि जेवणात गोड आलं. पूर्वी बुंदी असायची, जिलेबी असायची. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला फ्रूट सॅलड येऊन बसलंय. नाव फळांचं, पण भगुण्यात डाव घालून बघा. दूध, कस्टर्ड पावडर, भरपूर साखर, आणि वर तरंगणारे केळ्याचे चार काप व डाळिंबाचे दाणे. याला आम्ही फळांचा पदार्थ मानत नाही. ही दुधातली साखर आहे, फळं फक्त शोभेला.

आमचं म्हणणं सरळ आहे. येत्या हंगामात आपल्या कार्यक्रमांतून हे कस्टर्ड बंद करावं आणि त्याच्या जागी बिनदुधाचं, बिनसाखरेचं, पंगतीच्या अर्धा तास आधी चिरलेलं ताज्या फळांचं सॅलड द्यावं. एवढ्याशा गोष्टीसाठी आरोग्याचं पान कशाला खर्ची घालायचं, असं कुणाला वाटेल. पण वॉर्डात काम केलेल्या बाईला विचारा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकाच गल्लीतली आठ-दहा माणसं उलट्या-जुलाबांनी येतात, त्यात दोन लेकरं डोळे खोल गेलेली असतात, आणि नातेवाईक म्हणतात, ऊन लागलं असेल, नाहीतर मटण बाधलं असेल. काय काय खाल्लं हे खोदून विचारलं की कितीदा तरी दुधाच्या गोडाचंच नाव पुढे येतं.

हे कसं होतं ते समजून घेऊ. आचारी रात्री दोन वाजता दूध उकळतो. उकळल्यावर बरेचसे जंतू मरतात, इथपर्यंत ठीक. पुढे ते भगुणं गार व्हायला ठेवतात. पन्नास लिटरचं भगुणं बाहेरून गार लागलं तरी मधलं दूध तासन् तास कोमट राहतं. त्यात कुणी हात घालून केळी कापून टाकतं. त्या हाताला पिकलेली जखम असेल, किंवा नुकतंच नाक पुसलेलं असेल, तर जंतू दुधात उतरले. कोमट, गोड दूध म्हणजे त्यांच्यासाठी पंगतच. मिरवणूक लांबते, दुपारचं जेवण चार वाजता सुरू होतं, मांडवात पत्र्याखाली पारा चाळिशीच्या पुढे. तोवर त्या दुधात विष तयार झालेलं असतं. आणि लक्षात ठेवा, अशा काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘वास येतोय, एक उकळी काढून वाढा’ हा सल्ला धोक्याचा आहे. बरं, बऱ्याचदा वासही येत नाही.

इथे लगेच प्रश्न येईल, मग बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचं काय? सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून आपण खीरदान करतो, ते थांबवायचं का? मुळीच नाही. खीर चुलीवरून उतरवून गरम गरम वाटली तर तिच्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही. आमची तक्रार दुधाशी नाही. रात्री करून दुपारपर्यंत उन्हाळ्यात ठेवलेल्या दुधाशी आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या घरात फळ केव्हा येतं? कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं की. चार केळी, दोन मोसंबी, एखादं सफरचंद पिशवीत घालून आपण भेटायला जातो. माणूस बरा होऊन घरी आला की फळं बंद. पुढाऱ्याचा वाढदिवस असो की जयंती, कार्यकर्ते सरकारी रुग्णालयात फळवाटप करायला येतात. आम्ही खाटांच्या या बाजूने ते वर्षानुवर्षं पाहिलंय. फोटो निघेपर्यंत केळं रुग्णाच्या हातात धरून ठेवायचं. तो मूत्रपिंडाचा रुग्ण आहे का, त्याला केळं चालतं का, हे सिस्टरला विचारायचं कुणाला सुचत नाही. हेतू चांगला असतो, हे मान्य. पण फळ म्हणजे आजाऱ्याचं खाणं ही समजूत त्यातून आणखी घट्ट होते. आणि दुसरी समजूत, की फळ म्हणजे श्रीमंताच्या टेबलावरची वस्तू. वस्तीतल्या धडधाकट बाईसाठी, पोरासाठी फळ नाहीच जणू.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, मोठ्या माणसाने रोज साधारण 100 ग्रॅम फळं खावीत. आपल्या किती घरांत हे होतं? घरात एक टरबूज आलं तर आधी लेकरं, मग पुरुष, आणि बाई शेवटी सालीलगतचा भाग खाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. नुसत्या फळांनी रक्त वाढतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण भाजी-भाकरीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते लिंबात, संत्र्यात, पपईत, पेरूत आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, लोह वाया जातं. म्हणून पंगतीत चहाच्या जागी फळांची वाटी, हा सौदा फायद्याचाच आहे.

महाग पडेल? आम्ही हिशेब मांडलाय. दोनशे माणसांना प्रत्येकी एक वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम द्यायचं तर चिरलेलं फळ 30 किलो लागतं. त्यासाठी टरबूज (पुण्या-मुंबईकडे कलिंगड म्हणतात तेच) 20 किलो, पिकलेली पपई 12 किलो, केळी 8 डझन, द्राक्षं 3 किलो आणि 10-12 लिंबं पुरतात. साली-बिया धरून हा अंदाज आहे. एप्रिल-मेमध्ये टरबूज स्वस्त असतं, जळगावची केळी बारा महिने मिळतात. द्राक्षं एप्रिलनंतर संपत जातात, मेमध्ये त्यांच्या जागी खरबूज किंवा आंबा घ्या. सफरचंद, किवी, ड्रॅगन फ्रूट यांच्या मागे लागायची गरज नाही. लांबून आलेलं म्हणून पौष्टिक असं काही नसतं. फळं पहाटे ठोक बाजारातून आणली, नागपुरात असाल तर कळमन्यातून, तर आणखी परवडतं. आणि समितीच्या बैठकीत डीजेच्या भाड्याला जेवढा वेळ न बोलता मंजुरी मिळते, त्याच्या निम्मा वेळ तरी या यादीला द्या, एवढंच म्हणणं.

फळ निवडताना, फुटलेलं टरबूज स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. चिरेतून जंतू आधीच आत गेलेले असतात. चिरून ठेवलेली पपई तर नकोच. कार्बाइडची पुडी ठेवून आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ते चालतं. सगळी पेटी बाहेरून एकसारखी पिवळीधमक आणि आत आंबट, वास नाही, असं दिसलं तर परत करा. चांगला वाटला तरी आंबा पाण्यात बुडवून ठेवा, धुवा, साल काढा.

धुण्याचं पाणी ही आपल्या वस्त्यांची खरी अडचण. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला. आज नळ आहेत, पण पाणी कुठे पहाटे तीनला येतं, कुठे गटाराला लागून गेलेल्या पाइपातून येतं, कुठे टँकरचं. म्हणून आदल्या दिवशी एक स्वच्छ ड्रम भरा, त्यात मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका, अर्धा तास थांबा आणि मग ते पाणी वापरा. थेंब मिळत नसतील तर आशाताईला विचारा. टरबूज-खरबूज आपण धुतच नाही, कारण साल खायची नसते. पण सुरी सालीतून आत जाते आणि सालीवरची माती, शेण, घाण सोबत नेते. खरबुजाच्या जाळीदार सालीत तर ती अडकूनच असते. ब्रशने किंवा स्वच्छ काथ्याने घासा, पुसा, मगच कापा.

ज्या सुरीने, ज्या पाटावर मटण कापलं त्यावर फळ नाही. त्यासाठी वेगळी सुरी, वेगळा पाट. हात साबणाने, नखांसकट. जुलाब होत असलेल्या किंवा बोटाला पिकलेली जखम असलेल्या माणसाने त्या दिवशी दुसरं काम करावं, खुर्च्या मांडाव्यात. टरबूज आणि पपई आधी, द्राक्षं मग, केळी अगदी शेवटी चिरा आणि लगेच लिंबू पिळा म्हणजे काळी पडत नाहीत. काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढतानाच भुरभुरा. आधी टाकली तर मिठाने पाणी सुटतं आणि सगळं लिबलिबीत होतं. ब्लडप्रेशरवाल्यांसाठी बिनमिठाची एक परात बाजूला असू द्या.

आता वेळ. चाळीस अंशांच्या उन्हात चिरलेलं फळ तासाभराच्या आत पोटात गेलं पाहिजे. टरबूज, खरबूज, पपई यांना आंबटपणा कमी, त्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून तीस किलो एकदम चिरायचं नाही. भाषणं संपत आली, गाथा म्हणून झाल्या, पंगत बसतेय, तेव्हा पहिली दहा किलो. पुढची पंगत, पुढची दहा. गार हवं तर स्टीलचं भगुणं बर्फाच्या घमेल्यात ठेवा, बर्फ फळात टाकू नका. बाजारातली लादी खाण्यासाठी केलेली असेलच असं नाही. न खाण्याचा बर्फ निळा असावा असा नियम झालाय, पण पांढरा दिसला म्हणून तो चांगल्या पाण्याचा, असा अर्थ होत नाही.

कुणी किती खावं, हे बाया नेहमी विचारतात. मधुमेह असलेल्यांनी पपई, टरबुजाच्या फोडी अर्धी-एक वाटी घ्याव्यात, पण मग तेवढा भात कमी करावा आणि जिलेबीकडे बघू नये. केळी, आंबा त्यांना बेताने. मूत्रपिंडाचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल तर केळी, संत्री, नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बाईला पपईजवळ फिरकू देत नाहीत आपल्याकडे. कच्च्या, चीक असलेल्या पपईपुरतं ते बरोबर आहे. पूर्ण पिकलेली पपई प्रमाणात खायला हरकत नाही. तिच्या ताटातून फळ काढून घेणाऱ्या सासूबाईंना हे नीट समजावून सांगा. लहान लेकरांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकून जीव जातो. उभं चार तुकडे करून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध.

एवढं सांभाळूनही कुणाला जुलाब लागले तर वाट बघू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी, घोट घोट पाजत राहा. लेकरू मलूल झालं, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं तर सरळ दवाखाना.

राहिला चिरण्याचा प्रश्न. तीस किलो फळ चिरायला चार माणसांना दीड-दोन तास लागतात. आम्ही सुचवलं की हटकून उत्तर येतं, ‘महिला मंडळ करेल.’ महिला मंडळ पहाटेपासून रांगोळ्या, पांढऱ्या साड्या, लेकरांची तयारी यात असतं, आणि स्टेजवर बोलायला त्यातल्या एकीला पाच मिनिटं मिळतात. ती पाच मिनिटंही विळीवर बसून जाणार असतील तर असलं सॅलड आम्हाला नको. समितीच्या तरुणांनी चिरावं. ज्यांना मिरवणुकीत चार तास नाचता येतं त्यांना दीड तास बसून पपई सोलता येते. शिकवायला आम्ही येतो.

उरलं तर? एक तासाहून जास्त वेळ मांडवात राहिलेलं सॅलड डब्यात भरून घरोघर पाठवू नका, फेकवत नसलं तरी. न चिरलेली फळं मात्र वाटून टाका, विधवा-एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी आधी. साली शेळीवाल्यांना द्या. टरबुजाच्या सालीचा हिरवा भाग काढून पांढऱ्या गराची हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून दुधीसारखी भाजी होते. वीस किलो टरबुजाच्या गरात अख्ख्या गल्लीचं संध्याकाळचं कोरड्यास निघतं.