जागृती कुणाची करायची?

"लोकांमध्ये जागृतीच नाही हो!" हे वाक्य मी तीस वर्षांत जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा आमच्या करमाळ्याकडं पाऊससुद्धा पडला नसेल. तालुक्याच्या बातम्या पाठवायचो तेव्हा ऐकलं. रेडिओच्या शेती कार्यक्रमासाठी लिहायचो तेव्हा ऐकलं. एका संस्थेत माहितीपत्रकं काढायला होतो तिथं ऐकलं आणि शेवटी मुंबईत धोरणांचे मसुदे लिहायला बसलो, तिथं तर चहा यायच्या आधी हे वाक्य यायचं. माझी वाट वाकडीतिकडी झाली, वाक्य मात्र जागचं हललं नाही. आता कुणाच्या पगारावर नाही, म्हणून उघड सांगतो. हे वाक्य लबाड आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवा. आमच्याकडं कुणी भित्तिपत्रक लावलं नव्हतं की पथनाट्य केलं नव्हतं. पाझर तलावाचं काम निघालंय, एवढं एका बाईनं दुसरीला सांगितलं आणि दिवस उगवायला टोपली-खोरं घेऊन अख्खी वस्ती कामावर हजर. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातल्या कितीकांना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांची जागृती कुणी केली? कामानं केली. मजुरी तुटपुंजी होती, पण काम खरं होतं.

त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५ साली देशाचा. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलं. या सगळ्याची किल्ली होती एका चिटोऱ्यात, म्हणजे अर्जाच्या तारखेच्या पोचेत. पोच नाही तर तारीख नाही. तारीख नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून? आणि भत्ता मागायचा कशावर?

एका कार्यालयात मी बघितलं, बायका अर्ज घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या. आतून उत्तर, "पोचबुक संपलंय, पुढच्या आठवड्यात या." त्याच भिंतीवर रंगीत फलक, 'मागेल त्याला काम'! आणि वर बैठकीत निष्कर्ष काय निघाला? मागणी कमी आहे, सबब जनजागृती मोहीम घ्यावी. फलकाला पैसा होता, पोचबुकाला नव्हता. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "आरं लेकरा, आमाला समदं ठावं हाय. त्या भाऊसायबाला ठावं न्हाई का, ते बघ की आधी." धोरणावरचं एवढं नेमकं भाष्य मला पुढं कुठल्याच अहवालात सापडलं नाही.

सांगून काहीच होत नाही, असं माझं म्हणणं नाही. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजा, हे रेडिओवरून सांगितलं त्याचा उपयोग झाला, कारण मीठ, साखर आणि पाणी आईच्या हाताशी होतं. पोलिओच्या डोसाचं सांगितलं, पण डोस घेऊन माणसंही दारात आली. जिथं पुढचं पाऊल माणसाच्या हातात असतं, तिथं माहिती कामाची. जिथं ते पाऊल साहेबाच्या टेबलावर अडलेलं असतं, तिथं माहिती देणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे फायदे समजावणं. 'जागृती नाही' म्हटलं की गुन्हा कार्यालयाचा आणि आरोपी मजूर. असा सोयीचा शब्द कोण सोडील?

आता या धंद्यात नवी शिकलेली पोरं येतायत, शब्दांवर हुकमत असलेली. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाबांनो, आपल्याकडं संवाद म्हणजे पाटाचं पाणी झालंय, कायम वरून खाली. खालचं वर न्यायला मोट लागते आणि मोट ओढायला अंगात जोर लागतो. पत्रक लिहायचं काम आलं, की लेखणी उचलायच्या आधी त्या कार्यालयात जाऊन यायचं. अर्ज मिळतो का, पोच देतात का, मागच्या खेपेचे पैसे किती दिवसांनी जमा झाले, एवढं विचारायचं. उत्तर 'नाही' आलं, तर पत्रक जरूर लिहायचं, पण गावासाठी नव्हे, साहेबासाठी. जागृतीची गरज तिथं आहे.