टंकातले हस्ताक्षर

हाताने लिहिल्यासारखा दिसणारा 'कलम' हा देवनागरी टंक इंडियन टाइप फाउंड्रीने घडविला. तो ठळक रूपातही मिळतो आणि विनामूल्यही. परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या एखाद्या शाळेला वार्षिकांकासाठी सुलेखनकार कुठून मिळणार? तिथे असा टंक वरदानच. मात्र साहित्याच्या प्रकाशकांनी या सोयीलाच शैली समजावे, हे खटकते. हाताने लिहिलेले दोन 'र' तंतोतंत सारखे नसतात. टंकातले बहुधा असतात. कमल शेडगे नाटकाच्या शीर्षकाची अक्षरे त्या नाटकाच्या प्रकृतीतून घडवीत. ती दुसऱ्या नाटकाला शोभली नसती. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण शीर्षकाच्या अक्षरांविषयी अवाक्षरही काढत नाही. ते आता काढायला हवे.