घरचे आरोग्य : काटकुळ्या मुलांच्या रक्तातली साखर



साखरेचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गादीवर बसणारा, पोट सुटलेला माणूस उभा राहतो. 'आम्हां कष्टाच्या माणसांना कुठला आलाय मधुमेह!' असे म्हणून आपण मोकळे होतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा समज केव्हाच खोटा ठरला आहे. आज मात्र लिहायचे आहे ते घरातल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयी, आणि त्यातही ज्यांच्या अंगाला काही लागत नाही, अशा काटकुळ्या मुलांविषयी.

पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ साली एक अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी शेतकरी घरांतल्या बायकांची नोंद त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून ठेवली. या बायकांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांना जी बाळे झाली ती सरासरी २ किलो ७०० ग्रॅम वजनाची. इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टन शहरातली बाळे साडेतीन किलोची होती. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपली बाळे हातापायांनी बारीक होती, पण त्यांच्या पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे पोटात असताना अन्न अपुरे पडले तेव्हा निसर्गाने मांस आणि आतले अवयव यांत काटकसर केली, चरबी मात्र राखून ठेवली.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतल्या ६१९ जणांना ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर हवी त्यापेक्षा जास्त निघाली. खरा मधुमेह झालेले फक्त चौघे. बाकीचे त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. यालाच डॉक्टर पूर्वमधुमेह म्हणतात. आणि या सगळ्या मुलांत जवळजवळ निम्म्यांचे वजन असायला हवे त्याहून कमी होते! ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती.

हे असे का व्हावे? आपल्या रानातलेच उदाहरण घेऊ. रक्तातली साखर म्हणजे पाटाचे पाणी. ते वाफ्यात उतरले तर पिकाला उपयोग, नाही तर पाटात तुंबून राहायचे. वाफ्याचे दार उघडून पाणी आत सोडणारा पाटकरी म्हणजे इन्सुलिन. हा रस आपल्या पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. सगळ्यांत जास्त साखर ओढून घेणारे वाफे म्हणजे अंगातले स्नायू, आपले मांस. आता ज्या मुलाच्या अंगावर मांसच कमी त्याचे वाफे कमी. आईच्या पोटात उपासमार झाली म्हणून स्वादुपिंडाची वाढ अपुरी, तेव्हा पाटकरीही कमी. त्यातून वयात येताना इन्सुलिनचा जोर काही काळ कमी पडतो, हे तर चांगल्या खात्यापित्या घरातल्या मुलांचेही होते. त्यांचे पाटकरी जास्तीचे काम करून वेळ निभावून नेतात. आपल्या काटकुळ्या पोराचे तिथे कमी पडतात.

म्हणून आपण जे म्हणतो की 'गोड खाऊन साखर होते', ते इथे अर्धेच खरे आहे. या मुलांचा आजार गोडाच्या आधी, आईच्या ताटापासून सुरू झालेला असतो.

देशभर २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची मोठी सरकारी पाहणी झाली. तीतही दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत सुमारे दर दहांत एकाची साखर या उंबरठ्यावर आढळली. शाळेच्या एका वर्गात चाळीस मुले धरली तर चार जण झाले.

आता हलाखीच्या घरातल्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते ते पाच-सहा महिन्यांनी परतते. मूल बरोबर गेले तर कोपीत राहायचे, पहाटे आईबापांबरोबर उठायचे, धाकट्याला सांभाळायचे. गावी मागे राहिले तर आजीजवळ, नाही तर हंगामी वसतिगृहात. भाजीपाला, दूध, अंडे यांची गाठ क्वचित. सकाळी गोड चहात बुडवून बटर नाही तर बिस्कीट, दुपारी पातळ कोरड्यास आणि भात, मधेच पाच रुपयांचा पुडा. पोट भरते, पण मांस धरायला लागते ते डाळ-उसळीचे अन्न मिळत नाही. त्यात झोप अपुरी आणि घरात कर्जाची काळजी. मुले बोलत नाहीत म्हणून त्यांना काळजी नसते असे समजू नका. सततच्या ताणाने अंगात जे रस वाढतात तेही साखर वर चढवतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत मिळते. नववीत गेलेल्या मुलाची भूक नेमकी वाढते आणि ताट बंद होते. सरकारने तीस वर्षांवरील माणसांसाठी मधुमेहाची तपासणी गावोगाव नेली हे चांगलेच झाले, पण पंधरा वर्षांचे पोर त्यात बसत नाही. माझ्या मते हे ताट दहावीपर्यंत न्यायला हवे. त्यावर होईल तो खर्च पुढे आयुष्यभराच्या औषधांपेक्षा थोडाच असेल.

असो. आपल्या हातातले काय ते पाहू.

पहिली गोष्ट, साखर जास्त निघाली म्हणून बारीक मुलाचे जेवण तोडू नका. 'भात बंद, भाकरी अर्धी' असा पथ्याचा बडगा त्याच्यावर चालवला तर आहे ते मांसही झडेल. भाकरी ज्वारी-बाजरीची असावी, तिच्याबरोबर मटकी, हरभरा, तूर यांपैकी काहीतरी रोज असावे, मूठभर शेंगदाणे असावेत, बांधावरची पालेभाजी असावी. कमी करायचा तो चहातल्या साखरेचा चमचा, पुड्यातला खाऊ आणि बाटलीतले रंगीत गोड पाणी. गूळ चालतो का, असे पुष्कळ जण विचारतात. साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर ही सख्खी भावंडेच.

दुसरी गोष्ट दुधाची. आपल्याकडे कित्येक घरांत दावणीला म्हैस असते आणि सगळे दूध डेअरीच्या किटलीत जाते. पगार दहा दिवसांनी मिळतो, त्यावर घर चालते, हे मान्य. पण वर सांगितलेल्या सहा खेड्यांत ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाजी, फळे जास्त वेळा होती त्यांची बाळे वजनाने अधिक भरली. बी-१२ नावाचे एक जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते, भाजी-भाकरीतून मिळत नाही. त्या खेड्यांत बहुतेक बायकांच्या रक्तात ते कमी निघाले. तेव्हा किटली भरण्याआधी घरातल्या मुलांचा पेलाभर बाजूला काढावा, आणि तो मुलाइतकाच मुलीलाही द्यावा. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या या मुलीच उद्याच्या आया आहेत. त्याच खेड्यांत असेही दिसले की गरोदरपणी शेतातले आणि पाणी वाहण्याचे काम ज्यांना फार पडले त्यांची बाळे लहान झाली. सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेल्या पोरीचे अजून स्वतःचेच अंग भरलेले नसते, आणि तिच्याकडून आपण साडेतीन किलोच्या बाळाची आशा धरतो!

तिसरी गोष्ट तपासणीची. घरात आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणाला मधुमेह असेल, मूल जन्मतः अगदी लहान असेल, किंवा मानेवर व काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल (ती मळाने झालेली नसते, घासून जात नाही), तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन विचारावे. मुलीची पाळी वयात आल्यावर दोन-तीन वर्षांनीही अनियमित असेल तरीही दाखवावे. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासतात. साखर १०० च्या आत ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करतात. काही दवाखान्यांत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करतात. पण अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

उंबरठ्यावरची साखर निघाली म्हणून घाबरून जाऊ नका. वयात येण्याचा काळ सरला की बऱ्याच मुलांची साखर आपोआप खाली येते. कबड्डी, खो-खो, धावणे यांनी स्नायू भरतात, म्हणजे वाफे वाढतात. तेव्हा पोरगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे बंद करू नये. वर्षातून एकदा मात्र तपासणी चुकवू नये.

पण मूल एकाएकी घटाघटा पाणी पिऊ लागले, रात्री चार-चारदा लघवीला उठू लागले, खाऊनही झपाट्याने वाळत चालले, तर तो निराळा आणि तातडीचा प्रकार आहे. उलट्या, धाप, गुंगी सुरू झाली तर जिवावर बेतते. बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि साखर तपासा असे स्वतः होऊन सांगा. अशा मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन रोज लागते. ते वेळेवर मिळत राहिले तर मूल शाळेत जाते, खेळते आणि सुट्टीत रानात हातभारही लावते.