तारे देणाऱ्यांनो, आधी पाना हातात घ्या



गेल्या आठवड्यात आमचा एक नाईक संध्याकाळी माझ्याकडे आला. माण तालुक्यातला पोरगा, कामाला चोख. मोबाइलवर एका फुल सस्पेन्शन माउंटन बाइकचं परीक्षण उघडलेलं. म्हणाला, "साहेब, साडेचार तारे दिलेत. चार वर्षांची बचत मोडतोय. घेऊ ना?" किंमत एक लाख ऐंशी हजार. गावी विहिरीचं काम अर्धवट पडलंय, हेही त्यानंच बोलता बोलता सांगितलं.

ते परीक्षण मी दोनदा वाचलं. रंग, फ्रेमचा कोन, उतारावरचा आत्मविश्वास, सगळं होतं. सायकल दोन दिवस चालवलेली, तीही कोरड्या वाटेवर. तिसऱ्या महिन्यात काय होतं, यावर एक ओळ नाही. मला राग आला. आज तोच लिहून काढतो.

मी ईएमईचा माणूस. नोकरीची सगळी वर्षं गाड्या उघडण्यात आणि मिटवण्यात गेली. फौजेत नवं वाहन घेण्याआधी ते चालवणारे त्याची चाचणी घेतात, वाळवंटात, थंडीत, उंचावर. पण त्याबरोबर आणखी एक चाचणी असते. तिला मेन्टेनॅबिलिटी इव्हॅल्युएशन ट्रायल म्हणतात, आमच्या बोलीत नुसतं 'मेट'. गाडी उघडायला किती वेळ लागतो, कोणती हत्यारं लागतात, सुटे भाग काय आहेत, पुस्तिकेत लिहिलेलं खरं आहे का, हे त्यात बघतात. गाडी कितीही पळो, दुरुस्त होत नसेल तर ती लढाईत ओझं होते. सायकलींच्या परीक्षणात ही दुसरी चाचणीच गायब आहे. तारे मिळतात ते फक्त पळण्याला.

म्हणून मी माझ्याच सायकलची दुसरी चाचणी इथे मांडतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीबद्दल नाही. पुढे १४० मिलिमीटर, मागे १३० मिलिमीटर सस्पेन्शन, २९ इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे एक आणि मागे बारा गिअर, हायड्रॉलिक ब्रेक, बटणानं खालीवर होणारी सीट. वजन साडेपंधरा किलो. किंमत पावणेदोन लाख. अडीच वर्षं वापरतोय, आधी लेहला, आता शिलाँगला, सुट्टीच्या दिवशी.

आधी न्यायाचं बोलू. सायकल चांगली आहे. माझा डावा गुडघा जुना जखमी आहे. नुसत्या पुढच्या सस्पेन्शनच्या सायकलवर दगडी उतार उतरलो की दोन दिवस जिना चढताना बोंब. या सायकलवर ती बोंब थांबली. चढावर मुळांवरून, सुट्या दगडांवरून जाताना मागचं चाक जमीन सोडत नाही, त्यामुळे पायातली ताकद वाया जात नाही. "हे सगळे चोचले आहेत, आम्ही काळ्या सायकलवर मैलोगणती गेलोय" असं म्हणणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींशी म्हणून मी सहमत नाही. वस्तू खरी आहे. तिची किंमत सांगण्याची पद्धत खोटी आहे.

आता ऐका. मागचा शॉक हवेवर चालतो. स्वार बसला की तो किती दबतो, ते आधी जुळवावं लागतं. माझ्या शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकतो. मी पाठीवर पिशवी घेऊन बसलो की त्यातला १५ मिलिमीटर, म्हणजे ३० टक्के, आधीच दबलेला हवा. हे न जुळवता चालवली तर दोन लाखांची सायकल आणि चौकातली डबल शॉकर यात फार फरक राहत नाही. हे जुळवायला शॉकचा वेगळा पंप लागतो, कारण चाकाच्या साध्या पंपानं एवढ्याशा नळीत १९० पीएसआय नेमकं भरता येत नाही. सायकलबरोबर तो पंप दिला नव्हता. दुकानदारानं स्वतः जुळवूनही दिलं नाही. त्यात थंडीचा हिशेब वेगळाच. ऑगस्टच्या दुपारी २० अंशांना १९० भरलेला शॉक नोव्हेंबरच्या सकाळी उणे १० ला साधारण १७० वर येतो. हवा कुठेही गळलेली नसते, फक्त गारठलेली असते. लेहला सुरुवातीला मला वाटलं सील गेलं. कुणी सांगितलंच नव्हतं.

लेहची धूळ पिठासारखी. फोर्कचं खालचं आवरण काढून तेल बदलायचं काम साधारण ५० तासांनी करावं लागतं, धुळीत त्याच्याही आधी. ते मी स्वतः शिकलो. शॉकचं आतलं काम मात्र घरी होत नाही, त्याला दाबाचा गॅस आणि खास हत्यारं लागतात. माझा शॉक बंगळूरला पाठवला, परत यायला सात आठवडे लागले. सात आठवडे सायकल भिंतीला.

मग शिलाँगला बदली झाली. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्याच पावसाळ्यानंतर मागच्या सांध्यांतून कुरकुर सुरू झाली. उघडलं तर आठपैकी तीन बेअरिंग गंजून अडकलेली. पुस्तिकेत बेअरिंगचा नंबरच नाही, फक्त "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा". अधिकृत विक्रेत्याकडे अख्खा संच मागवावा लागेल, असं उत्तर. मी सील खरवडून नंबर वाचला, ६९०२. आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिलिमीटर. जगभर मिळणारं साधं माप. गुवाहाटीतल्या बेअरिंगच्या दुकानात एका फेरीत काम झालं. म्हणजे भाग दुर्मिळ नव्हताच. तो दुर्मिळ आहे असं गिऱ्हाइकाला भासवलं जात होतं.

शेवटचा किस्सा हँगरचा. मागचा गिअर ज्या तुकड्यावर टांगलेला असतो तो अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम कमकुवत ठेवतात, म्हणजे आपटल्यावर तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. विचार उत्तम. मॉफलांगच्या पुढे डेव्हिड स्कॉट ट्रेलवर ओल्या दगडाला आपटून माझा तुटला. साध्या सायकलवर चेन कापून एका गिअरवर घरी येता येतं. इथे चाक वरखाली होताना चेनची लागणारी लांबी बदलते, त्यामुळे तो उपायही धड चालत नाही. नऊ किलोमीटर ढकलत आलो. आणि तो तुकडा माझ्या मॉडेलचा, त्याच आकाराचा, दुसरा चालत नाही. मिळायला चाळीस दिवस. २०१९ पासून सगळ्या कंपन्यांना वापरता येईल असा एकसारखा यूडीएच हँगर बाजारात आहे. ज्या फ्रेमवर तो बसतो तिथे हा वनवास टळतो. किती परीक्षणांत तुम्ही ही गोष्ट ठळकपणे वाचली आहे?

कुणी म्हणेल, ही हौसेची वस्तू, रणगाडा नव्हे, एवढं कशाला तोलायचं? हौस आहे म्हणूनच. रणगाड्यामागे सरकार आहे, वर्कशॉप आहे, सुट्या भागांचं कोठार आहे. माझ्या नाईकामागे फक्त त्याचा पगार आहे. बंगळूर-पुण्यात राहणाऱ्याला शॉक गेला तर रिक्षानं दुकान गाठता येतं. आमची बदली कुठे होईल ते आम्हाला माहीत नसतं. काळी सायकल गावोगाव टिकली ती नुसती साधी होती म्हणून नव्हे. तिचे छर्रे, कॉटर, टायर सगळ्यांची मापं सारखी होती, म्हणून. कुठल्याही झाडाखालचा मिस्त्री ती उभी करायचा. तीच शिस्त नव्या सायकलीत मागणं हा मागासलेपणा नाही.

नाईकाला मी 'घेऊ नको' म्हटलं नाही. पोराचे पाय मजबूत आहेत, त्यानं आनंद का घेऊ नये? त्याला पाच प्रश्न लिहून दिले. शॉकचा पंप देणार का, आणि माझ्या वजनाला जुळवून देणार का? बेअरिंगचे नंबर काय? हँगर कोणता, आणि एक जादा आत्ताच मिळेल का? शॉकची सर्व्हिस कुठे होते आणि किती दिवसांत? वर्षाचा देखभालीचा खर्च किती? ही उत्तरं लेखी घे, मग बचत मोड, म्हटलं.

त्यानं दुकानात फोन केला. हेल्मेट आणि बाटली फुकट देतो म्हणाले. पाच प्रश्नांचं उत्तर "विचारून सांगतो". आज नववा दिवस. पोरानं पैसे अजून काढलेले नाहीत.

परीक्षण लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सायकल दोन दिवस चालवा, जरूर चालवा. पण तिसऱ्या दिवशी पाना घ्या, मागचा सांधा उघडा, बेअरिंगचा नंबर वाचून तो छापा. तुमच्या ताऱ्यांवर विश्वास ठेवून कुणीतरी विहीर थांबवतोय.

जय हिंद.