ह्यांचं विमान, आपली सही

सांगलीच्या विश्रामबागेतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. एरवी माझ्या टपालात सुनेचा अबोला असतो, मुलीच्या लग्नाची काळजी असते, नाहीतर लोणच्याला बुरशी का आली हा प्रश्न असतो. या पत्रात चक्क विमान आहे!

त्यांचे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. विमानांचं वेड शाळेपासूनचं. सायकलवर टांग मारून कवलापूरच्या माळावर जायचं आणि रिकाम्या धावपट्टीकडे बघत बसायचं, असा त्यांचा सुट्टीचा कार्यक्रम असे. साताऱ्याचा एक मित्र तसाच. तिसरे आहेत अमेरिकेतले मावसभाऊ. त्यांचा एका छोट्या विमानात चौथा हिस्सा आहे. दर रविवारी सकाळी या तिघांची फोनवर मैफल बसते. कुठे वारा आडवा आला, कुणी कसं उतरवलं, कुठल्या धावपट्टीशेजारी न्याहारी चांगली मिळते. "माझा चहा तीनदा गरम करावा लागतो," असं ताई लिहितात.

आता गोष्ट चहावरून पुढे गेली आहे. कराडच्या अलीकडे, महामार्गापासून थोडा आत, एक जुना बंगला विकाऊ आहे. तो घ्यायचा, डागडुजी करायची आणि विमानाच्या थाटाचं एक छोटं निवासस्थान काढायचं. खोल्यांना विमानांची नावं, भिंतीवर लाकडी प्रोपेलर, न्याहारीच्या खोलीत मोडीत निघालेल्या विमानातल्या खुर्च्या. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे यात घालायचे, कमी पडतील त्यासाठी बँकेचं कर्ज, आणि तारण राहतं घर. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून ताईंची सही हवी. "मला त्यातलं काय कळतं? सही करू की नको, एवढंच सांगा."

ताई, एवढंच कसं सांगू? पण आधी तुमचं ते "मला काय कळतं" बाजूला ठेवू या. सरला ठकराल या बाईंनी १९३६ साली विमान चालवायचा परवाना मिळवला तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या, अंगावर साडी होती आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. आपल्या सौदामिनी देशमुख १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या ज्या विमानाच्या कॅप्टन होत्या, त्यातल्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. विमान उडवणं जर बायकांना कळतं, तर विमानाच्या नावाचं लॉज चालेल की बुडेल हे कळायला काय हरकत आहे? त्यातलं निम्म्याहून जास्त काम तर आपण रोज घरी करतोच.

दुसरं असं, की तुमच्या ह्यांना वेडं ठरवू नका. या वेडाचं मोठं उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. कॅप्टन अमोल यादव हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. त्यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं सामान आणि जवळजवळ १८० किलोचं इंजिन अरुंद जिन्याने वर चढवलं. (आपल्याकडे फ्रिज दुसऱ्या मजल्यावर न्यायचा तर केवढा गोंधळ होतो!) कामाला वर्षं लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं तेव्हा क्रेन लावून ते गच्चीवरून उतरवलं आणि लोकांनी ते पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उडवून बघायची परवानगी २०१९ साली आली आणि २०२० साली ते धुळ्याला आकाशात गेलं.

मला या हकिकतीत विमानाइतकंच ते घर महत्त्वाचं वाटतं. गच्ची म्हणजे पापड, सांडगे, वाळवणाची हक्काची जागा. ती वर्षानुवर्षं एका माणसाच्या स्वप्नाला देऊन टाकायची, वेल्डिंगचा आवाज ऐकायचा, पगारातला पैसा पत्र्यात जाताना बघायचा. हे घरच्यांनी सोसल्याशिवाय होत नाही. वर्तमानपत्रात नाव एकाचं येतं, ते साहजिकच आहे. पण हिशेब घराचा असतो. अमोल यादव स्वतः कसलेले वैमानिक होते आणि नोकरी सांभाळून हे करत होते, हेही विसरू नका. तुमच्याकडे पगार थांबल्यावर बेत सुरू होतो आहे. फरक इथे आहे.

आता मावसभाऊंच्या अमेरिकेकडे येऊ, कारण कल्पनेचं बी तिकडून आलेलं दिसतं. अमेरिकेत दोन लाखांच्या वर लहान-मोठी खासगी विमानं आहेत. चौघांत मिळून एक विमान घेणं तिथे नवलाचं नाही. जागेचं भाडं, विमा, दर वर्षीची सक्तीची तपासणी, सगळं चौघांत वाटून जातं. चार माणसांचं सेसना विमान तासाला तीस-पस्तीस लिटर इंधन पितं. तिकडच्या हौशी वैमानिकांत 'शंभर डॉलरचा बर्गर' अशी म्हणच आहे. रविवारी तासभर उडत जायचं, धावपट्टीशेजारच्या उपाहारगृहात बर्गर खायचा आणि परत यायचं. बर्गर स्वस्तच असतो, शंभर डॉलर लागतात ते पेट्रोलला. अशा लोकांना उतरायला जागा हवी म्हणून हॉटेलं चालतात. कॅन्सस राज्यात ब्यूमाँट नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे १८७९ सालचं एक जुनं हॉटेल. शेजारच्या गवताच्या धावपट्टीवर विमान उतरवायचं आणि गावातल्या रस्त्यावरून, मोटार आणावी तसं, हॉटेलपाशी आणून उभं करायचं, असा तिथला शिरस्ता होता. आत न्याहारी आणि गप्पा. ऐकूनच मन हरखतं, नाही?

मोठी उदाहरणंही आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या विमानतळाजवळ १९७६ साली बांधलेल्या जुन्या जंबो विमानाचं २००९ साली वसतिगृह झालं. न्यूयॉर्कला १९६२ सालच्या एका सुंदर जुन्या टर्मिनलचं २०१९ साली हॉटेल केलं. पण ती दोन्ही भल्यामोठ्या विमानतळांच्या कुशीत झाली. रात्री अडकलेला प्रवासी आपसूक दारात येतो.

आणि कराड? वारुंजीच्या बाजूला धावपट्टी आहे, कोयना प्रकल्पाच्या काळात १९५० च्या दशकात झालेली. शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं तिथे आली-गेली आहेत. सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षं वापराविना पडून आहे आणि विमानतळाची मागणी मात्र निवडणुकीगणिक ताजी होते. स्वतःचं विमान घेऊन रविवारी न्याहारीला येणारी माणसं आपल्या भागात नाहीत. नसतीलच, कारण इकडे साधा खासगी परवाना घ्यायचा तरी किमान चाळीस तास उड्डाण करावं लागतं, आणि त्या एकेका तासाचं शुल्क देताना मध्यमवर्गाची पाठ मोडते. म्हणजे तुमच्या लॉजवर पाहुणा आकाशातून उतरणार नाही. तो पुणे-बंगलोर रस्त्याने मोटारीतून येणार, घामेजलेला, बरोबर दोन मुलं आणि सासूबाई. त्याला पहिल्यांदा काय हवं असेल? स्वच्छ संडास आणि कढत पाणी. भिंतीवरचा प्रोपेलर तो सकाळी बघेल, मुलांचा त्याखाली फोटो काढेल आणि चार जणांना सांगेल. म्हणून थाटाला माझा विरोध नाही. फक्त त्याचा क्रम बाथरूमच्या नंतरचा.

जुन्या बंगल्याची गोष्ट तर विचारूच नका. विकणारा रंग काढून दाखवतो. तुम्ही जुलैत बघायला जा, पाऊस लागलेला असताना. ओल खालून चढते की वरून उतरते ते भिंतीला हात लावला की कळतं. कौलाखालचे वासे टोचून बघा, वाळवी असेल तर लाकूड पोकळ वाजतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी एप्रिलअखेर किती राहतं ते शेजारणीला विचारा, दलालाला नको. सहा खोल्यांना सहा न्हाणीघरं जोडायची तर नळकाम, सेप्टिक टँक, फरशीचा उतार, सगळं नव्याने आलं. पैसा इथे मुरतो. आणि एक सांगते, मोडीतल्या विमानाचा पत्र्याचा सांगाडा अंगणात ठेवून त्यात खोली करायचं मनात असेल, तर आमच्याकडचं वैशाखातलं ऊन आधी आठवा. त्यात माणूस नाही, कुरडया वाळतील.

कागदपत्रं यजमानांनाच विचारा, त्यांना बोलायला आवडेल. जमीन बिगरशेती झाली आहे का, अग्निशमनाचा दाखला, अन्नपदार्थांचा परवाना. धावपट्टीच्या जवळ असेल तर इमारतीच्या उंचीलाही परवानगी लागते. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारात भरावी लागते. मावसभाऊंचे मित्र येणार आहेत ना!

आता पत्रातलं एक वाक्य, जे ताईंनी सहज लिहिलं आहे आणि मी तीनदा वाचलं. हे म्हणतात, "स्वयंपाकाची चिंता नाही, हिच्या हातची थालीपिठं असतीलच."

असतीलच? थांबा हं. वही-पेन्सिल घ्या. सहा खोल्या, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे २,१९० रात्री विकायला आहेत. त्यातल्या तिसरा हिस्सा भरल्या असं धरू, नव्या जागेला तेवढ्या भरल्या तरी खूप. झाल्या ७३०. रात्रीला दीड हजार धरले तर वर्षाला १० लाख ९५ हजार. आकडा गुबगुबीत दिसतो. आता त्यातून वीज, कर, बँकेचा हप्ता, राखणदार, झाडूवाली काढा. चादरींचे प्रत्येक खोलीला तीन जोड लागतात, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. म्हणजे अठरा जोड, तितकेच अभ्रे, टॉवेल वेगळे. पावसाळ्यात ते वाळणार कुठे? आणि मग आचारी. आचाऱ्याचा पगार लिहिला की तिघांचा नफा आक्रसतो, म्हणून तिथे 'हिच्या हातची थालीपिठं' आली आहेत. तुमचं पहाटे पाचचं उठणं या योजनेत फुकट धरलं आहे, ताई. कुणाचा वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. घरात ते कायम फुकटच धरलं गेलं म्हणून त्यांच्या लक्षात आलं नसेल. तुम्ही त्या वहीत तुमच्या कामाचा पगार एका ओळीत लिहा आणि मग बेरीज त्यांना करायला सांगा.

सहीचं सांगते. तारणाच्या कागदावर सही करणं आणि जामीनदार म्हणून सही करणं, दोन्ही नीट वाचून मगच. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडेच जाईल आणि मग आपल्याकडे येईल, असं समजून राहू नका. तारण घराचा ताबा २००२ च्या कायद्याखाली बँकेला कोर्टात दावा न लावताही घेता येतो. तिघांची साधी भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याच्या सगळ्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे बांधलेला असतो. म्हणजे मावसभाऊ अमेरिकेत, मित्राचा हात आखडता, आणि घर फक्त तुमचं तारण, असं झालं तर वसुली कुणाच्या दारी येईल? २००८ च्या कायद्याप्रमाणे मर्यादित दायित्वाची भागीदारी करता येते. त्यात भागीदाराचं देणं साधारण त्याने घातलेल्या भांडवलापुरतं राहतं. पण राहतं घर स्वतंत्रपणे तारण दिलं तर ते कवच त्या घराला नाही. बँकेच्या माणसाकडून नव्हे, आपल्या वकिलाकडून हे समजून घ्या. तासाभराची फी जाईल, जाऊ द्या.

माझं मत विचाराल तर, राहत्या घरावर सही करू नका. तिघांनी सारखं भांडवल आधी टेबलावर ठेवावं. त्यात जेवढं बसेल तेवढंच करावं. बंगला विकत घेण्याआधी तीन वर्षांच्या भाड्याने मिळतो का पाहावं आणि सहाच्या जागी दोन खोल्या सुरू कराव्यात. भविष्यनिर्वाहाचे निम्मे पैसे बँकेत मुदत ठेवीत, तुमच्या दोघांच्या नावाने. आणि भागीदारीत तुमचं नाव घालावं, थालीपिठाच्या हिश्शासकट. यावर यजमान रागावतील. दोन दिवस अबोला धरतील. अशा वेळी बायका घाबरून सही करून मोकळ्या होतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, अबोला दोन दिवसांचा असतो आणि हप्ता पंधरा वर्षांचा.

येत्या रविवारी तिघांचा फोन चालू असेल तेव्हा चहाचा कप ठेवून आत जाऊ नका, तिथेच खुर्ची ओढून बसा. अमेरिकेच्या भावजींना सरळ विचारा, की तुम्ही किती घालणार आणि कधी पाठवणार. उत्तर काय आलं ते मला जरूर कळवा. कुरडयांची कृती दोघींनी मागितली आहे, ती पुढच्या आठवड्यात.